दोन घास भरीत

रेणुकाबाईचा नवरा विषानं गेला, पण त्यानं विष प्यायलं नव्हतं. हे तिला इतक्या वेळा सांगावं लागलं की पुढं पुढं ती स्वतःची ओळख देतानाच ते सांगून टाकायची. "बापूजीची बायको मी. फवारताना गेले ते. पेले नव्हते." आमच्या भागात कापूस करणारा माणूस औषधानं मेला म्हटलं की लोक पुढचं विचारत नाहीत, नुसती मान हलवतात. त्या मान हलवण्याचा तिला फार राग होता.

तिची मुलगी रंजीता तेव्हा सातवीत माझ्या वर्गात होती, म्हणून मला ते घर माहीत. वडगाव, इचोड्यापासून सहा किलोमीटर. आश्विनाचे दिवस होते. कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली, आत शिरलं की वारा नाही. बापूजीच्या पाठीवरचा पंप झाकणापाशी गळत होता आणि सदरा सकाळपासून ओला होता. घाम असेल म्हणून त्यानं लक्ष दिलं नाही. दुपारी घरी आला तेव्हा डोळ्यांना धार लागलेली, तोंडातून लाळ. "मले तू दिसून नाही राह्यली," असं बायकोला म्हणाला आणि उंबऱ्यातच बसला. आदिलाबादच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी गेला. पंचनामा लिहिणाऱ्या माणसाला तिनं तीनदा सांगितलं, पेले नव्हते. तो म्हणाला, "बाई, बाटली तर घरातच सापडली ना?"

त्या वेळी तिच्याजवळ येऊन राहिली ती सोजरबाई. दोघी नार्नूरकडच्या एकाच गावच्या लेकी, एकाच उन्हाळ्यात लग्नं झालेल्या. सोजरचा नवरा नार्नूरला बांगड्यांचं दुकान चालवायचा. सोजर स्वतःचं घरदार, दुकान, पूनम नावाची लहान मुलगी, सगळं नवऱ्यावर टाकून महिनाभर वडगावात राहिली. पहिले पंधरा दिवस तिनं रेणुकाबाईला काही म्हटलं नाही. सोळाव्या दिवशी सकाळी अंगावरची चादर ओढली आणि म्हणाली, "उठ वं. वाफे करू. वांगे लावू."

घरातला पंप आणि उरलेल्या बाटल्या दोघींनी मिळून नाल्यापलीकडं खोल खड्डा खणून पुरल्या. कापूस बंद झाला. विहिरीखालच्या दोन एकरांत भाजीपाला आला आणि रेणुकाबाईनं ठरवलं की या वावरात औषधाचा थेंब पडणार नाही. पहिल्या वर्षी अर्धा माल अळीनं खाल्ला. गाव हसलं. तिनं निंबोळ्या वेचून, कुटून, भिजवून अर्क केला. झेंडूच्या ओळी लावल्या. वांग्याचा शेंडा सुकलेला दिसला की तो अळीसकट खुडायचा आणि जाळायचा, हे ती रोज पहाटे करायची, दिवाळी असो की ताप असो. हळूहळू वावराची घडी बसली. इचोड्याच्या बाजारात लोक तिची टोपली शोधत यायला लागले.

चार वर्षांपूर्वी इचोड्याच्या अलीकडं, मोठ्या रस्त्याला लागून एक नवीन हॉटेल झालं. मन चेनू. तेलुगूत मन म्हणजे आपलं आणि चेनू म्हणजे वावर. आपलं वावर. मालक हैदराबादला असतो, तो फारसा कोणाला दिसत नाही. इथलं सगळं पाहतो तो सुरेंद्र, आदिलाबादच्या मराठी घरातला, तिशीचा. आसपासच्या शेतातली भाजी, घाण्याचं तेल, ज्वारीची भाकर, पळसाची पत्रावळ आणि कशातच औषध नाही, असा त्यांचा बोलबाला. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरच्या मोटारी तिथं थांबायला लागल्या. सुरेंद्र रेणुकाबाईचं नाव विचारत वडगावात आला. आठ दिवसांत तिची भाजी तिथं जायला लागली आणि महिन्याभरात तिचा फोटो. अंबाडीची टोपली कमरेवर घेतलेला, दारातल्या भिंतीवर, माणसाच्या उंचीचा.

रविवारी सुरेंद्र गिऱ्हाइकांना घेऊन वावरात यायचा. शहरातल्या बाया चपला काढून वाफ्यात उभ्या राहायच्या. रेणुकाबाई त्यांना निंबोळीचा अर्क दाखवायची, अळी चिमटीत धरून दाखवायची. लोक तिला रेणुकाअम्मा म्हणायचे, तिच्याबरोबर फोटो काढायचे. जी बाई गावात विषवाल्याची बायको म्हणून ओळखली जायची, ती आता विष न वापरणारी म्हणून ओळखली जायला लागली.

"आवडलं मले, गुरुजी," ती मला नंतर म्हणाली. "खोटं काऊन बोलू. लय आवडलं."

याच काळात सोजरच्या पोटात गाठ निघाली. नागपूरला नेलं, ऑपरेशन झालं, मग सलाईनमधून औषधं सुरू झाली. केस गेले. तोंड आतून सोलून निघालं, जिभेला चव राहिली नाही. असं का झालं, हे डॉक्टर काही सांगू शकले नाहीत. सोजरनं आपल्यापुरतं उत्तर शोधलं. तिनं पूनमला सांगितलं की आपण जन्मभर फवारलेलं खाल्लं, त्याचंच हे. आता खाईन तर रेणूच्या वावरातलं.

मग दर सोमवारी रेणुकाबाई एक पिशवी भरून उटनूरच्या बसमध्ये कंडक्टरजवळ द्यायची. उटनूरला पूनम उभी असायची, तिथून ती पिशवी नार्नूरला न्यायची. तेलंगणात बायांना बस फुकट झाल्यापासून पूनमला त्याचं काही वाटत नव्हतं. पिशवीत चुका, मेथी, दोडकी, कोवळी वांगी. सोजर फोन करून सांगायची, "आज दोन घास गेले बरं. तुह्या हातचं होतं म्हणून गेले."

गेल्या वर्षी पाऊस लांबला. भाद्रपदात आभाळ भरून राहिलं, ऊन नाही, आणि वांग्यावर अळी अशी पडली की पहाटे खुडून ती संपेना. शेंड्यातून फळात गेली. वरून वांगं तुकतुकीत आणि कापलं की आत काळं. मन चेनूत एका गिऱ्हाइकाच्या ताटात अळी निघाली. त्यानं तिचा फोटो काढला. सुरेंद्रनं सलग तीन वेळा माल परत पाठवला आणि तिसऱ्या वेळी स्वतः आला.

"मावशी, किडकं नका देऊ."

"औषध नको म्हणता आन कीडबी नको म्हणता. मंग करू कसं?"

"ते मला नका विचारू," सुरेंद्र म्हणाला. "नाही जमत तर तसं सांगा. सिरीकोंड्याकडं एक जण आहे, तो तयार आहे द्यायला. भिंतीवर मग त्याचा फोटो लागेल, एवढंच."

तो हे रागानं म्हणाला नव्हता. पण त्या रात्री तिला झोप लागली नाही. मंगळवारी ती इचोड्याला गेली आणि फर्टिलायझरच्या दुकानासमोरून दोनदा पुढं निघून गेली. तिसऱ्यांदा आत शिरली. दुकानदारानं बाटली दिली, झाकणानं माप सांगितलं आणि बजावलं, "दहा दिवस तोडायचं नाही." शेजारच्या चंपतचा पंप तिनं मागून आणला. चंपतनं तिच्याकडं पाहिलं आणि पंप दिला. तोंडाला तीन पदरी फडकं बांधून तिनं दिवस मावळायच्या आत वांग्याचा अख्खा तुकडा मारला. तो वास तिच्या ओळखीचा होता. अंगणात येऊन तिनं दोनदा उलटी केली, साबण लावून लावून हात धुतले.

घरामागं न्हाणीच्या पाण्यावर चार वाफे होते. सोजरच्या पिशवीत जायचं ते तिथलं. तिकडं ती पंप घेऊन गेली नाही.

शुक्रवारी तिनं वांगी तोडली. तीन दिवस झाले होते. वांगी सुंदर निघाली, एकालाही भोक नाही. सुरेंद्र खूश झाला. म्हणाला, "रविवारी आपल्या हॉटेलला तीन वर्षं होतात. माल देणाऱ्यांनी जेवायला यायचं, बरोबर एक माणूस आणायचं."

हे तिनं सोजरला सांगायला नको होतं. पण सवयीनं फोनवर सांगून बसली. सोजरच्या औषधाला पंधरा दिवसांचा खंड होता, अंगात थोडी ताकद आली होती. ती म्हणाली, "मी येते. जन्मात हॉटेलात बसून जेवली नाही. तुह्या फोटोखाली बसून जेवते." रेणुकाबाईनं पुष्कळ सांगून पाहिलं, बसचे हाल होतील, तिखट असतं. सोजर ऐकेना. तिचा आवाज कित्येक महिन्यांनी पहिल्यासारखा वाटत होता. तो ऐकून रेणुकाबाईनं 'ये' म्हटलं. मनाशी तिनं ठरवलं, वरण सांगू, अंबाडी सांगू, वांगं सांगायचंच नाही.

रविवारी दुपारी पूनमनं आईला उटनूरहून बसमध्ये बसवून दिलं. इचोड्याच्या स्टँडवर रेणुकाबाईनं तिला उतरवून घेतलं. सोजर निम्मी झाली होती. हिरवं लुगडं नेसली होती आणि पदर कपाळापर्यंत घट्ट ओढला होता. दोन्ही हातांत बांगड्या होत्या, पण मनगट इतकं बारीक झालेलं की त्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

हॉटेलच्या दारात ती फोटोपुढं उभी राहिली. खाली तेलुगूत आणि इंग्रजीत लिहिलेलं होतं. वाढणारी रुपा नावाची मुलगी तिथं होती, तिला सोजरनं विचारलं, "काय लिवलं वं?" रुपानं वाचून मराठीत सांगितलं, "विषाशिवाय पिकवणारी आमची रेणुकाअम्मा." सोजरनं फोटोवरच्या टोपलीला हात लावून पाहिला. मग आत जाताना जो भेटेल त्याला सांगत सुटली, "माही मैत्रीण हाय हे. आमी एका विहिरीचं पाणी पेलो."

शेजारच्या टेबलावर हैदराबादेकडची एक तरुण बाई आपल्या आईबरोबर जेवत होती. दिवस भरत आलेले दिसत होते. सोजरला दुकानदारीमुळं तेलुगू चांगलं येई. तिनं लगेच विचारलं, "एन्नो नेला?" म्हणजे कितवा महिना. आठवा, असं आईनं सांगितलं. इतक्या लांब गाडीनं कशाला आणलं म्हणून सोजरनं तिला प्रेमानं रागावलं. पोर हसली. म्हणाली, नागपूरहून माहेरी चालली आहे, वाटेत चांगलं जेवण मिळतं म्हणून मुद्दाम इथं थांबलो.

रुपा विचारायला आली.

"वरण, भाकर आन अंबाडी," रेणुकाबाई म्हणाली.

"आन भरीत," सोजर म्हणाली. "बिनतिखटाचं. तोंड आलेलं हाय माहं."

"वांगं नको वं. वातूळ असते."

"आता मले वात काय करते?" सोजर हसली. "हिच्या वांग्याचं भरीत सांग पोरी. त्याच्यासाठी तं आली मी."

ताटं आली. भरीत वेगळ्या वाटीत, वर कोथिंबीर, तेलाचा तवंग. रेणुकाबाईनं सांगितलं ते असं. तिला वाटलं, शिजलं की जात असेल. वाटलं, धुतलं असेल. वाटलं, दोन घासांनी काय होते. सोजरनं भाकरीचा कुटका मोडला, भरितात बुडवला आणि तोंडात घोळवत राहिली. दुसरा घास घेतला आणि डोळे मिटले.

"रेणू," ती म्हणाली, "चव आली वं. गोड लागून राह्यलं. दोन महिन्यांनी तोंडाले चव आली."

तिसऱ्या घासाला रेणुकाबाईनं तिचं मनगट धरलं.

"नको खाऊ."

"काऊन?"

"मी फवारलं त्याच्यावर."

सोजरला आधी कळलंच नाही. तिला वाटलं निंबोळीचं बोलते. मग रेणुकाबाईचं तोंड पाहून तिनं हातातला घास पत्रावळीवर ठेवला.

"कधी?"

"मंगळवारी."

"आन माह्या पिशवीतलं?"

"नाही! तुहं मागच्या वाफ्यातलं. त्याले हातबी नाही लावला. रंजीताची शपथ घेऊन सांगते. तुहं सगळं चांगलं होतं, सोजर."

रेणुकाबाईला वाटलं, हे ऐकून तिचा जीव खाली पडेल.

"म्हंजे तुले ठाऊक होतं," सोजर म्हणाली. "ठाऊक होतं म्हणून माहं वेगळं ठेवलं."

शेजारच्या टेबलावर ती तरुण बाई भाकरीवर भरीत घेत होती.

"तिले सांग," सोजर म्हणाली.

रेणुकाबाईनं भरिताची वाटी आपल्याकडं ओढली.

"रेणू, तिले सांग. पोटुशी हाय ते."

रेणुकाबाई खाली पत्रावळीकडं पाहत बसली. तेव्हा सोजर स्वतः उठली. टेबलाला धरत धरत त्या बाईजवळ गेली आणि तिच्या ताटावर आडवा हात धरला. "तल्ली, आ वंकाय तिनोद्दु." बाळा, ते वांगं खाऊ नको. त्यावर औषध मारलंय. बोलता बोलता वाकली आणि पदर घसरला. केस नसलेलं डोकं, निळ्या शिरा. ती पोर दचकून मागं सरली. तिच्या आईनं ताट ओढून घेतलं. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. कोणीतरी विचारलं, काय म्हणते ती, औषध?

सुरेंद्र धावत आला. त्यानं सोजरला दंडाला धरून बाजूला केलं, पण जोरानं नाही. मग रेणुकाबाईकडं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मावशी, ह्या काय म्हणतायत? वांगी तुमची आहेत ना? सांगा बरं."

पंचवीसतीस माणसं होती. त्यांतली कितीतरी तिच्या वावरात येऊन गेलेली. सगळी तिच्या तोंडाकडं बघत होती. सोजरही बघत होती.

"तिची तब्येत बरी नाही," रेणुकाबाई म्हणाली. "नागपूरची औषधं चालू हायेत. कधी कधी असं बोलते."

लोकांनी माना हलवल्या. त्या पोरीच्या आईला वाईट वाटलं. ती उठली, तिनं सोजरचा पदर डोक्यावर नीट करून दिला, खुर्चीत बसवलं, पाण्याचा ग्लास हातात दिला. सोजरनं पाणी प्यायलं. थोड्या वेळानं त्या मायलेकींनी जेवण उरकलं आणि जाताना सोजरला नमस्कार करून गेल्या.

स्टँडवर बस यायला पाऊण तास होता. दोघी बाकावर बसल्या. बस आल्यावर सोजर चढली, खिडकीपाशी बसली आणि म्हणाली, "पिशवी पाठवू नको आता."

तरी रेणुकाबाईनं सोमवारी पिशवी दिली. उटनूरला ती घ्यायला कोणी आलं नाही. संध्याकाळी कंडक्टरनं परत आणून दिली. मंगळवारी पूनमचा फोन आला. "मावशी, आई नको म्हणते. काय झालं ते सांगत नाही. तुम्ही भांडल्या का?" रेणुकाबाई म्हणाली, "नाही भांडलो."

त्याच दिवशी ती मन चेनूत गेली आणि सुरेंद्रला सगळं सांगितलं. कोणतं औषध, किती झाकणं, किती दिवसांनी तोडलं. सुरेंद्रनं आधी खोलीचं दार लावलं.

"मावशी, हे तुम्ही सांगितलं नाही आणि मी ऐकलं नाही."

"त्या बाईचा पत्ता असंन तं द्या. फोन असंन."

"रस्त्यावरचं गिऱ्हाईक, मावशी. आलं नि गेलं. आणि ती काय इथंच पहिल्यांदा वांगं खाते का? बाजारात सगळं फवारलेलंच आहे." मग म्हणाला, "वांगी बंद करू. पालेभाजी चालू ठेवा."

"मले काहीच नाही द्यायचं आता. फोटो काढून टाका माहा."

"फोटो कशाला काढायचा? त्यात वांगं कुठं आहे? अंबाडी आहे."

फोटो अजून तिथंच आहे. मी त्या रस्त्यानं जातो तेव्हा दारातून दिसतो. त्या तरुण बाईचं पुढं काय झालं, ते कोणालाच माहीत नाही. बहुतेक काही झालं नसावं. तिचं मूल आता चालायला लागलं असेल. रेणुकाबाईला मी हे सांगून पाहिलं. ती म्हणाली, "असंन. पण मले ठाऊक तं नाही ना, गुरुजी."

दिवाळीनंतर ती नार्नूरला गेली. सोजर पडूनच होती, औषधं थांबवली होती. रेणुकाबाई आली म्हटल्यावर तिनं भिंतीकडं तोंड केलं. रेणुकाबाई तासभर पायथ्याशी बसली, पाय चेपू का म्हणून विचारलं, सोजरनं पाय आखडून घेतले, तशी ती उठून आली. पौषात पुन्हा गेली तेव्हा सोजरच्या अंगात कूस बदलायचीही ताकद नव्हती. पूनम चहा करायला आत गेली. सोजरनं डोळे उघडले.

"सांगितलं तिले?"

"कुठं शोधू तिले, सोजर? सुरेंद्रले सांगितलं मी. सगळं सांगितलं."

"तिले नाही सांगितलं."

"नाही."

सोजर दम घेत घेत बोलली, एकेक शब्द सुटा. "मंग मले तरी काऊन सांगितलं? मी तं मरूनच राह्यली होती. दोन घास गोड लागले होते. तेबी नेले तू."

पूनम चहा घेऊन आली. रेणुकाबाईनं तो प्यायला, कारण कप हातात होता.

आठ दिवसांनी, बुधवारी सकाळी सोजर गेली. पूनमचा फोन आला तेव्हा रेणुकाबाई वावरात होती. तिनं तसेच पाय धुतले आणि बस धरली, पण उटनूरला दुसरी बस मिळेपर्यंत वेळ झाला. ती पोचली तेव्हा माणसं परत येत होती. पूनम तिच्या गळ्यात पडून रडली. रेणुकाबाईनं तिला विचारलं, "शेवटी काही बोलली का?"

"नाही."

"माह्याबद्दल?"

"कोणाबद्दलच नाही, मावशी."

हे सगळं तिनं मला फाल्गुनात सांगितलं, आमच्या ओसरीवर बसून. रंजीताच्या सासरी पाठवायचं पत्र लिहून घ्यायला आली होती. पत्र राहिलं बाजूला. मी तिला एकच विचारलं. सोजरला सांगितलंस, दोन दिवसांनी सुरेंद्रलाही सांगितलंस. मग त्या दिवशी सगळ्यांसमोर का नाही बोललीस?

तिनं विचार करून उत्तर दिलं. "बापूजी गेले तवा सारं गाव म्हणे, पेला. मी एकटी म्हणत होती, पेले नाही, ते औषधच तसं हाय, त्यानंच मारलं. पंचनाम्यावाल्याले म्हटलं, दिरांले म्हटलं. कोणी ऐकलं नाही. मंग त्या हॉटेलात लोक ऐकायले लागले. येऊन येऊन ऐकायले लागले. आता तिथं उभी राहून कसं म्हणू की मीच मारलं?" मग म्हणाली, "लोकांनी माह्याकडं पाह्यलं ना गुरुजी, तं माहं तोंड बंद झालं. सोजरचं डोकं उघडं पडलं होतं आन मी म्हटलं, तिची तब्येत बरी नाही. खोटं बी नव्हतं ते. बरी नव्हतीच तिची तब्येत."

मी पत्राचा कागद पुन्हा पुढं ओढला.

यंदाही तिनं भाजीपाला केला आहे. गुरुवारी इचोड्याच्या बाजारात रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून बसते. परवा मी भाजी घेत होतो तेव्हा एका शिक्षिकेनं तिला विचारलं, "रेणुकाबाई, औषधाविनाचं आहे ना?"

"मेथीवर नाही मारलं," ती म्हणाली. "दोडक्यावर नाही. वांग्यावर मारलं. आज बारावा दिवस हाय."

शिक्षिकेनं हातातली वांगी खाली ठेवली आणि मेथीची जुडी घेऊन गेली. तिच्या मागं उभ्या असलेल्या बाईनं तीच वांगी उचलली आणि म्हणाली, "सगळेच मारतात मावशी. एक किलो द्या." रेणुकाबाईनं तिला परत एकदा सांगितलं, मारलेलं हाय, चांगलं धुऊन घ्या. त्या बाईनं पिशवी पुढं केली. रेणुकाबाईनं काटा हातात घेतला आणि वांगी तोलली.